पडलेल्या मायला खाटेवर ठेवू नका

नंदुरबार जिल्ह्यात घरातलं म्हातारं माणूस पडलं की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि जाताना प्रत्येक जण एकच सल्ला देऊन जातो: "तिले उठाडू नका, पडू द्या." शहाद्याच्या कॉलनीतही तोच आणि धडगावच्या पाड्यावरही तोच, फक्त बोली बदलते. एक्स-रे काढून झालेला असतो, हाड शाबूत असतं, डॉक्टरांनी 'मुका मार आहे' असं स्पष्ट सांगितलेलं असतं. तरी माय खाटेवर जाते. ताट खाटेवर, पाणी खाटेवर, पुढे डायपरही खाटेवरच. महिन्याभराने तिला खरोखरच उभं राहता येईनासं होतं, तेव्हा तेच पाहुणे हळहळतात, "पडली आणि अंथरूण धरलं बिचारीनं." या वाक्याची मला चीड येते. अंथरूण तिने धरलेलं नसतं, आपण धरायला लावलेलं असतं.

अंथरुणात पडून राहण्याचे धोके डॉक्टरांना काल कळलेले नाहीत. लंडनचे डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी 1947 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेमक्या याच विषयावर लेख लिहिला होता. नंतर मोजमापही झालं. अमेरिकेत सरासरी 67 वर्षं वयाच्या, ठणठणीत तब्येतीच्या लोकांना दहा दिवस अंथरुणात ठेवण्यात आलं. 2007 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. दहा दिवसांत पायांचं मांस सरासरी जवळजवळ एक किलोने घटलं आणि गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद सुमारे 16 टक्क्यांनी कमी झाली. यातलं कोणीही पडलेलं नव्हतं, कोणी आजारीही नव्हतं. नुसतं झोपून राहण्याची ही किंमत.

16 टक्के ऐकायला थोडे वाटतात. तरुण माणसाकडे ताकदीची शिल्लक असते, त्याचं भागून जातं. पण पंच्याहत्तरीच्या मायला खुर्चीतून उठतानाच मांड्यांची जवळपास सगळी ताकद लावावी लागते. त्यातली थोडी गेली की ती उठू शकते आणि उठू शकत नाही यांच्यामधली रेघ ओलांडली जाते. तिला मधुमेह, दमा किंवा हृदयविकार आधीपासून असेल, तर ही रेघ आणखी लवकर येते.

आणि नुकसान एकट्या पायांचं नसतं. सतत आडवं राहिल्याने फुप्फुसाच्या तळाचा कफ सुटत नाही, न्यूमोनियाला वाट मिळते. पोटऱ्यांतल्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. शौचाला खडा होतो, माकडहाडावर जखम होते. उभं राहताना रक्तदाब सांभाळण्याची शरीराची सवय मोडते, त्यामुळे आठ दिवसांनी माय पहिल्यांदा उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येऊन पुन्हा पडते. मग शेजारी म्हणणारच, "बघा, आम्ही सांगितलं होतं, उठवू नका!"

खरं तर करायचं ते साधं आहे. फ्रॅक्चर नाही याची खात्री झाली की त्याच दिवशी तिला उठवून बसवा. दुखणारच. त्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्या आणि ते लागू पडल्यावर हालचाल करून घ्या. जेवण बसूनच. आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, मग धरून उभं राहायचं, मग मोरीपर्यंत जायचं. दिवसातून एकदाच फार चालवण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडं थोडं बरं. दोरीची खाट असेल तर तिच्या झोळातून उठायला धडधाकट माणसालाही जोर लावावा लागतो, म्हणून दावण ताणून घ्या किंवा दिवसभर घट्ट, उंच बैठकीच्या खुर्चीवर बसवा. मणका दबलेला असेल किंवा पायावर भार देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर मात्र त्यांचंच ऐकायचं. तसं सांगितलं असेल तेव्हाही 'भार देऊ नका' याचा अर्थ 'बसू नका' असा होत नाही.

हा गैरसमज टिकून राहण्याचं एक कारण कोणी उघड बोलत नाही. खाटेवरचं माणूस सांभाळायला सोपं जातं. ते पुन्हा पडत नाही, आपल्याला शेतावर जाता येतं. दिवाळीनंतर सातपुड्यातल्या किती तरी पाड्यांतली तरुण माणसं ऊसतोडीला गुजरातकडे जातात. मागे उरतात म्हातारे आणि पोरं. त्या घरात मायला दिवसातून सहा वेळा कोण उठवणार? ही अडचण खरी आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण मग तिला अडचणच म्हणावं, 'विश्रांती' म्हणू नये. आणि दहा वर्षांचा नातूही आजीला वेळेवर उठून बसायची आठवण करू शकतो, हातात काठी देऊ शकतो. उभं करताना आणि चालवताना मात्र धरायला शेजारचं मोठं माणूस हवं.

याच्या बरोबर उलटा गैरसमजही तितकाच जोरात असतो: "पायाची बोटं हलतात ना? मग हाड मोडलेलं नाही." बोटं हलवणारे स्नायू गुडघ्याखाली असतात. खुब्याचं हाड मोडलं तरी बोटं खुशाल हलतात. हाडाची टोकं एकमेकांत रुतून बसली असतील तर काही जण लंगडत चालतातही आणि दोन-तीन दिवसांनी अचानक बसकण मारतात. बघायचं ते वेगळंच: जांघेत दुखतं का, एक पाय आखूड दिसतो का, पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय का, उभं राहताना त्या पायावर भार टाकवत नाही का. यातलं एकही दिसलं तर एक्स-रे निघेपर्यंत मायला चालवायचं नाही आणि हाडवैद्याकडून चोळून, ओढून घ्यायचं नाही. पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत झोळी करून न्यावं लागतं हे ठाऊक आहे. म्हणून तर कोणत्या दुखण्यासाठी डोंगर उतरायचा आणि कोणत्या नाही, हे माहीत हवं. या दुखण्यासाठी उतरायचा.

"वय झालंय, ऑपरेशन झेपणार नाही" हेही त्याच पठडीतलं. खुब्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन रुग्णालयात दाखल केल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभं करावं, असं ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ऑपरेशनचा धोका असतोच, पण बहुतेकांच्या बाबतीत मोडलेल्या खुब्यासह महिनोन्‌महिने झोपून राहण्याचा धोका त्याहून मोठा ठरतो. पैशांचं म्हणाल, तर ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. कार्ड माय पडायच्या आधी काढून ठेवा.

आता सलाईन. "अशक्तपणा आलाय, दोन बाटल्या लावा, ताकद येईल." साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. ताकद शून्य. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे साधारण 100 कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत त्याहून कितीतरी जास्त असतात. उलटी-जुलाबात, शरीर सुकल्यावर सलाईन जीव वाचवते. हृदय किंवा किडनी अधू असलेल्या माणसाला गरज नसताना लावली तर पायांवर सूज आणि धाप. ताकद हवी तर घास वाढवा: डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध, मासे. आजारी वृद्धाला रोज वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 50 किलोच्या मायला 60 ते 75 ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

पडल्यावर दोन दिवसांनी माय बरळायला लागली, रात्री कोणाला तरी हाका मारू लागली, तर 'बाहेरचं' शोधत बसू नका आणि 'म्हातारचळ' म्हणून हसण्यावारीही नेऊ नका. अचानक आलेल्या अशा गोंधळामागे लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम घटणं, लघवी तुंबणं, एखादं नवं औषध किंवा डोक्याचा मार असू शकतो. डोक्यातला रक्तस्राव कधी कधी काही आठवड्यांनी उघडकीला येतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शक्यता जास्त. त्या गोळ्या आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत.

उरलेले गैरसमज थोडक्यात. आंबट किंवा डाळ खाल्ल्याने जखमेत पू होत नाही. पू जंतूंमुळे होतो, आणि आंबट फळांतलं क जीवनसत्त्व जखम भरायला लागतंच. जखमेवर राख, तंबाखू, शेण नको. स्वच्छ पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पाठीच्या लाल झालेल्या जागी स्पिरिटने चोळू नका, माकडहाडाखाली चुंबळ किंवा रबरी रिंगही नको, त्याने कडेचा रक्तपुरवठा दबतो. ज्याला खरंच उठता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदला. रात्री उठावं लागू नये म्हणून पाणी तोडू नका, खानदेशच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीवर येतात.

आणि माय पडलीच का, हेही डॉक्टरांना विचारा. "पाय घसरला" एवढ्यावर थांबू नका. रक्तदाबाची गोळी जड झाली असेल, साखर उतरली असेल, मोतीबिंदू पिकला असेल. तिच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून सोबत न्या. पाय आखूड दिसत असेल, डोक्याला मार लागून उलटी किंवा गुंगी असेल, तर 108 ला फोन करा. यातलं काही नसेल आणि हाड शाबूत असेल, तर आज रात्रीचं ताट तिला उठवून, बसवून वाढा.