फायरवॉलचे लॉग सर्व्हरपर्यंत पोहोचत नाहीत? बिघाड असा शोधा

नेटवर्कवर हल्ला झाला की पहिला प्रश्न येतो, ‘लॉग कुठे आहेत?’ कोण, कधी, कुठून आलं याच्या नोंदी म्हणजे लॉग. फायरवॉल त्या ठेवते, पण तिच्यातली जागा मर्यादित असते. शिवाय हल्लेखोर फायरवॉलमध्येच शिरला, तर तो नोंदी पुसूही शकतो. म्हणून त्यांची प्रत लगोलग दुसऱ्या सर्व्हरवर पाठवतात. त्यासाठीची प्रचलित पद्धत म्हणजे ‘सिसलॉग’.

भारतात सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आणि संस्थांना १८० दिवसांचे लॉग जपून ठेवावे लागतात.

बिघाड लक्षात का येत नाही?

सिसलॉग बहुतेकदा यूडीपी पोर्ट ५१४ वरून जातो. यूडीपी म्हणजे साध्या टपालाने टाकलेलं पत्र. पोचलं की नाही, हे कळत नाही. लॉग वाटेत हरवले तरी फायरवॉलच्या स्क्रीनवर सगळं सुरळीत दिसतं.

काय तपासायचं?

१. लॉग सर्व्हरवर ‘टीसीपीडम्प’ चालवा. पॅकेट येताना दिसली, तर दोष सर्व्हरकडे आहे. डिस्क भरली आहे का, सिसलॉग सेवा बंद आहे का, सर्व्हरची स्वतःची फायरवॉल अडवते आहे का, ते पाहा.

२. पॅकेट येतच नसतील, तर फायरवॉलवर सर्व्हरचा पत्ता, पोर्ट आणि लॉग कोणत्या इंटरफेसमधून बाहेर पडतात ते तपासा. पिंग लागतंय म्हणून निर्धास्त राहू नका. पिंग जाऊ देणारं मधलं उपकरण पोर्ट ५१४ अडवू शकतं.

३. काहीच लॉग येतात, बाकीचे नाहीत? मग पातळी पाहा. सिसलॉगमध्ये ० ही सर्वांत गंभीर आणि ७ ही सर्वांत किरकोळ पातळी. मर्यादा ३ ठेवली, तर ४ ते ७ चे लॉग जातच नाहीत.

४. लॉग आलेत, पण सापडत नाहीत? घड्याळ बघा. फायरवॉल यूटीसीवर असेल, तर नोंद साडेपाच तास मागची दिसते.

टीसीपी वापरला तर?

टीसीपीमध्ये पोच मिळते. टीएलएससह पोर्ट ६५१४ वापरला तर मजकूरही सुरक्षित राहतो. मात्र लॉग सर्व्हर बंद पडला की काही फायरवॉल नवी कनेक्शनच थांबवतात. ही सेटिंग आधीच पाहून ठेवा.

शेवटी, ठरावीक वेळात एकही लॉग आला नाही तर सर्व्हरने इशारा द्यावा, अशी सोय करा. नाहीतर लॉग बंद असल्याचं हल्ल्यानंतरच कळतं.