विश्लेषण : खाडीतल्या शिंगाळ्यासाठी रॉड आणि दोरी कशी निवडावी?

उल्हास नदीचे पाणी जिथून समुद्राला मिळते, ती वसईची खाडी भाईंदर पूर्वेतील गोडदेव गावठाणापासून फार दूर नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा खाड्यांमध्ये गळाला हमखास लागणारा मासा म्हणजे शिंगाळा. हौसेने गरवणारे अनेकदा आधी महागडा रॉड घेतात आणि दोरी दुकानदार देईल ती भरतात. प्रत्यक्षात हा क्रम उलटा हवा. तो का, आणि निवड करताना काय पाहावे, याविषयी...

आधी दोरी का?

मासा आणि माणूस यांच्यातला सर्वात कमकुवत दुवा दोरी असते. शिंगाळा तळाशी चरतो, त्यामुळे दोरीही तळाला घासते. खाडीच्या तळाला दगड, कालवे, तिवरांची मुळे आणि पुलांचे खांब असतात. दोरी बहुतेक वेळा माशाच्या ताकदीने नव्हे, तर या घर्षणाने तुटते.

तंगूस की ब्रेड?

तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी, ताण आला की लांबते आणि माशाचा झटका पचवते. ती घासणीला टिकते आणि स्वस्तही असते. मात्र उन्हाने ती कमजोर होते, म्हणून दर हंगामात बदलावी. ब्रेड ही अनेक धाग्यांची विणलेली दोरी. तेवढ्याच ताकदीला ती बरीच बारीक असते, त्यामुळे वाहत्या पाण्याचा रेटा तिच्यावर कमी येतो. पण कालवाच्या धारेवर ती चटकन कापली जाते. नवशिक्यांसाठी २० ते २५ पौंडांची, म्हणजे सुमारे ९ ते ११ किलो ताण सोसणारी तंगूस पुरेशी आहे. ब्रेड वापरल्यास पुढे दोन-तीन हात ४० पौंडांची तंगूस जोडावी.

रॉड कसा असावा?

उधाणाच्या दिवसांत खाडीला जोराचा ओढा असतो. तळाला टिकण्यासाठी ५० ते ८० ग्रॅमचे शिसे लागू शकते. रॉडवर छापलेल्या फेकवजनात हा आकडा बसला पाहिजे. भांगाच्या दिवसांत हलके शिसेही चालते. काठावरून गरवण्यासाठी ८ ते १० फूट लांबी सोयीची. रॉडवर दोरीची क्षमताही पौंडांत लिहिलेली असते. त्याहून जाड दोरी लावली तर दोरी तुटण्याआधी रॉड मोडू शकतो. रिळाचा ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवावा. ९ किलोच्या दोरीला तो सव्वादोन ते तीन किलो होतो. सामान तोलायच्या ताणकाट्याने हे घरीच तपासता येते.

विजेचा धोका काय?

कार्बन रॉड हलका असतो, पण कार्बन तंतू विजेचे वाहक आहेत. पश्चिम रेल्वेच्या ओव्हरहेड तारेत २५ हजार व्होल्ट असतात. तिला स्पर्श न होताही, केवळ जवळ गेल्याने झटका बसू शकतो. रेल्वे पूल, पादचारी पूल किंवा वीजतारांजवळ उघडा रॉड नेऊ नये, मिटूनच न्यावा. ढग गडगडू लागले की गरवणे थांबवावे. फायबर ग्लासचा रॉड वीजवाहक नसला, तरी ओला झाल्यावर तोही सुरक्षित मानू नये.

मासा लागल्यावर काय काळजी घ्यावी?

शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे करवती काटे असतात. ते विषारी असून टोचल्यास तीव्र वेदना होतात. म्हणून गळ पक्कडीने काढावा. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावी आणि डॉक्टरांकडे जावे. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो. तोंडात अंडी किंवा पिल्ले दिसली, तर तो मासा लगेच पाण्यात सोडणे योग्य. तुटलेली तंगूस मात्र खाडीत टाकू नये. ती वर्षानुवर्षे कुजत नाही आणि तिच्यात मासे, खेकडे, पक्षी अडकतात.