उमेदवारी

‘उमेद’ म्हणजे आशा. हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि येथेच रुळला. ज्याला एखादी गोष्ट मिळण्याची आशा आहे, तो उमेदवार. निवडणुकीस उभा राहणाऱ्या मनुष्यास उमेदवार म्हणतात, ते याच अर्थाने. परंतु या शब्दाला दुसराही एक जुना अर्थ आहे. एखादा तरुण कचेरीत, पेढीवर किंवा कारखान्यात काम शिकण्यासाठी राहिला, म्हणजे ‘तो तेथे उमेदवारी करीत आहे,’ असे लोक म्हणत. त्याला पगार नसे. असलाच तर नाममात्र असे. आज ना उद्या हे काम आपल्याला येईल, या आशेवर तो तेथे राहत असे. हल्ली शहरांतून हिलाच इंटर्नशिप म्हणतात, आणि डॉक्टर व शिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या अभ्यासक्रमात तिला आंतरवासिता असे भारदस्त नाव आहे. नाव कोणतेही असो. शिकत असताना प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन, जाणत्याच्या हाताखाली काम करून शिकणे, हे तिचे स्वरूप आहे.

शाळा आहे, पुस्तके आहेत, शिक्षक आहेत. मग उमेदवारीची गरज काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर सुताराच्या दुकानात मिळते. लाकडाचे तंतू ज्या दिशेने गेलेले असतात, त्या दिशेने रंधा चालविला की ढलपी सुबक सुटते आणि फळी गुळगुळीत होते. उलट दिशेने चालविला की तंतू उखडतात आणि फळी खरबरीत होते. ही माहिती सांगण्यास एक वाक्य पुरे झाले. परंतु समोरच्या फळीचे तंतू कोणत्या दिशेने गेले आहेत, मध्येच आलेल्या गाठीपाशी हात किती हलका करावा, हे त्या वाक्यातून कळत नाही. ते हाताला कळावे लागते. कानालाही कळावे लागते. कारण रंधा नीट चालला आहे की नाही, हे कुशल सुतार त्याच्या आवाजावरून ओळखतो. असे ज्ञान शब्दांत पूर्णपणे मावत नाही. ते एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते, आणि त्यासाठी शिकणाऱ्याने शिकविणाऱ्याच्या शेजारी उभे राहावे लागते.

उमेदवारीचा दुसरा लाभ याहूनही मोठा आहे. दुरून डोंगर साजरे, ही म्हण व्यवसायांनाही लागू पडते. रुग्णालयाच्या पांढऱ्या कोटाचे आकर्षण पुष्कळांना असते. परंतु रात्रीचे जागरण, रक्त, रुग्णाचे कण्हणे आणि नातेवाइकांची काकुळती यांना तोंड देण्याची तयारी आपल्या अंगी आहे का, हे तेथे गेल्यावाचून समजत नाही. उलटपक्षी, ज्या कामाकडे आपले कधी लक्षही गेले नव्हते, त्यातच आपले मन रमते, असाही अनुभव अनेकांना येतो. आपल्याला काय आवडते आणि आपल्याला काय जमते, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंची गाठ उमेदवारीत पडते.

पूर्वी आपल्या खेड्यांत उमेदवारी घरातच होई. सोनाराचा मुलगा वडिलांच्या शेजारी बसून फुंकणी धरावयास शिके; कुंभाराचा मुलगा चाकाजवळ बसून माती मळी. या पद्धतीने कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या टिकले, हे खरे. तथापि तिच्यात एक मोठा अन्याय होता. त्या घरात ज्याचा जन्म झाला, त्यालाच ती विद्या मिळे. इतरांना दार बंद असे. जातीची भिंत तर होतीच. शिवाय मुलींना पुष्कळशा धंद्यांची पायरीही चढू देत नसत. आज लोहाराच्या मुलीने प्रयोगशाळेत जावे आणि वकिलाच्या मुलाने कुंभाराचे चाक फिरवावे, यास कायद्याची आडकाठी नाही. दार उघडले आहे. आत पाऊल टाकण्याचे धैर्य मात्र ज्याचे त्याने दाखविले पाहिजे.

लोहाराच्या अशाच एका मुलाची हकीकत प्रसिद्ध आहे. मायकेल फॅरडे याचा जन्म इंग्लंडमध्ये १७९१ साली झाला. घरी गरिबी होती व वडील नेहमी आजारी असत. लिहिणे, वाचणे आणि थोडे गणित यांपलीकडे त्याला शालेय शिक्षण मिळाले नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८०५ साली, लंडनमधील एका पुस्तकबांधणी करणाऱ्या दुकानदाराकडे तो सात वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून राहिला. पुस्तके शिवणे व त्यांना पुठ्ठे चढविणे, हे त्याचे काम. परंतु जे पुस्तक बांधावयास येई, ते वाचल्याशिवाय त्याला राहवत नसे. विश्वकोशातील विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेले रसायनशास्त्रावरील पुस्तकही त्याच्या हाती असेच आले. वाचून तो थांबला नाही. जे परवडत होते ते साहित्य जमवून त्याने लहान लहान प्रयोग करून पाहिले.

१८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या थोर शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने ती व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे काढली, ती पुन्हा स्वच्छ अक्षरांत लिहून काढली, आकृत्या काढल्या आणि सारे कागद आपल्या हातांनी सुबक बांधून डेव्हीकडे पाठविले. पुढल्या वर्षी, १८१३ च्या मार्च महिन्यात, रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत डेव्हीचा मदतनीस म्हणून त्याची नेमणूक झाली. पुस्तकबांधणीच्या उमेदवारीत जी नेटकेपणाची सवय लागली, तीच त्याला विज्ञानाच्या दारापर्यंत घेऊन आली. कोणतेही काम मन लावून शिकले, तर ते वाया जात नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

परंतु पुढची वाट सोपी नव्हती. त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या प्रवासास निघाला व त्याने फॅरडेला बरोबर घेतले. डेव्हीचा नोकर ऐन वेळी आला नाही, म्हणून त्याची कामेही फॅरडेवर पडली. डेव्हीची पत्नी त्याला नोकराप्रमाणेच वागवी. फॅरडेच्या मनाला याचा फार त्रास होई. घरी परत जावे, असेही त्याच्या मनात येई. तरीही तो राहिला, कारण या प्रवासात त्याला अँपियर आणि व्होल्टा यांच्यासारखे शास्त्रज्ञ भेटत होते आणि डेव्हीचे प्रयोग रोज जवळून पाहावयास मिळत होते. पुढे १८३१ साली याच फॅरडेने दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक हालविला असता तारेत वीज वाहू लागते. कोयनेच्या वीजगृहातील प्रचंड जनित्रे आज याच तत्त्वावर फिरतात.

फॅरडेला सात वर्षे दुकानात काढावी लागली. दादासाहेब फाळके यांचे शिक्षण मात्र दोन आठवड्यांतच पुरे झाले. ते १९१२ च्या फेब्रुवारीत चित्रपट कसा तयार करतात हे शिकण्यासाठी लंडनला गेले. वॉल्टन येथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत त्यांनी सारे काम डोळ्यांत तेल घालून पाहिले. इतक्या थोड्या दिवसांत त्यांना जे साधले, त्याचे कारण त्यांच्या पूर्वतयारीत आहे. चित्रकला, छायाचित्रण, छपाई यांचा अभ्यास त्यांनी आधी अनेक वर्षे केला होता. काय पाहावयाचे आणि काय विचारावयाचे, हे ठरवूनच ते गेले होते. परत आल्यावर त्यांनी प्रथम एका कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. या साऱ्या उद्योगात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरीच ही नवी विद्या शिकल्या. त्या वेळी कोरी चित्रफीत अखंड येत असे. अंधारात बसून तिच्या कडांना नेमकी भोके पाडणे आणि चित्रफीत धुणे, ही किचकट कामे त्यांनी आत्मसात केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, त्यामागे या दोघांचीही उमेदवारी उभी होती.

यावरून उमेदवारी केव्हा करावी, या प्रश्नाकडे वळता येते. पाया भरल्याशिवाय भिंत उभारीत नाहीत. भाषा, गणित व विज्ञान यांचा पाया शाळेत घातला जातो. तो कच्चा असताना मुलाला कामावर धाडले, तर तो काम शिकत नाही. तो फक्त राबतो. फॅरडेला लहान वयातच शाळेबाहेर पडावे लागले आणि गणिताची उणीव त्याला जन्मभर भासली. प्रत्येक मुलाला जेन मार्सेटचे पुस्तक सापडतेच असे नाही. त्याच्यासारखी हजारो मुले त्या काळी दुकानांत व गिरण्यांत खपली आणि त्यांची नावेही कोणास ठाऊक नाहीत.

म्हणूनच आपल्या देशाने याविषयी कायदे केले. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. बालकामगारांसंबंधीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन, चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामास ठेवण्याची मनाई झाली. शाळा सांभाळून घरच्या, धोक्याच्या नसलेल्या कामात आईवडिलांना मदत करण्याची मोकळीक मात्र आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा तर १९६१ सालीच झाला. त्याप्रमाणे उमेदवाराचे वय निदान चौदा वर्षांचे असावे लागते. धोक्याच्या उद्योगांत ते अठरा असावे लागते. त्याच्याशी लेखी करार करावा लागतो, त्याला विद्यावेतन द्यावे लागते, आणि काम शिकविण्याची जबाबदारी मालकावर असते.

मग अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींनी काय करावे? त्यांचे वय पाहण्याचे, विचारण्याचे आणि हात लावून बघण्याचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या दिवसांत त्यांनी गावातील सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा जाणकारांकडे जाऊन काम शिकावे, असे सुचविले आहे. दहा दिवसांत कोणी सुतार होत नाही; परंतु खुर्चीवर बसताना ती कोणाच्या तरी श्रमातून उभी राहिली आहे, ही जाणीव दहा दिवसांत निश्चित होते. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गेलेल्यांनी, महाविद्यालयात गेलेल्यांनी सुट्टीच्या दिवसांत, आणि व्यवसायाचे शिक्षण घेणाऱ्यांनी ते संपत येताना खरी उमेदवारी करावी. डॉक्टर होणाऱ्याला परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही बारा महिने रुग्णालयात व आरोग्यकेंद्रात अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करावे लागते. ज्याच्या हाती माणसाचा जीव सोपवावयाचा, त्याने केवळ उत्तरपत्रिका चांगली लिहून भागत नाही, हे यामागचे तत्त्व आहे.

खरी उमेदवारी आणि फुकटची वेठ यांत फरक आहे, आणि तो ओळखता आला पाहिजे. झाडलोट करणे, हत्यारे पुसून ठेवणे, निरोप पोचविणे, ही कामे हलकी मानण्याचे कारण नाही. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही. परंतु महिनोन्‌महिने केवळ चहाच आणावयाचा आणि हत्याराला हात लावावयाचा नाही, अशी स्थिती असेल, तर ती उमेदवारी नव्हे. आठवड्याच्या शेवटी विद्यार्थ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मागच्या आठवड्यात जे येत नव्हते, असे काही आज येते का? उत्तर ‘होय’ असेल, तर कष्ट कितीही असोत, तेथे टिकून राहावे. उत्तर वारंवार ‘नाही’ असे येऊ लागले, तर वडीलधाऱ्यांना व शिक्षकांना ते मोकळेपणाने सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

उमेदवाराच्या अंगी तीन गुण असावेत. पहिला, वेळेचा नेम. कारण जाणता मनुष्य शिकविण्यासाठी आपले काम थांबवीत असतो. दुसरा, टिपण ठेवण्याची सवय. पाहिलेले विसरते, लिहिलेले राहते. तिसरा, नम्रतेने प्रश्न विचारण्याचे धैर्य. चूक झाली, तर ती झाकू नये. नवख्याची चूक पुष्कळदा क्षम्य असते. लपविलेली चूक मात्र एखाद्या यंत्राचा किंवा एखाद्या जिवाचा घात करू शकते.

आज जो कुशल कारागीर, निष्णात डॉक्टर किंवा नावाजलेला अभियंता म्हणून ओळखला जातो, तोही एके काळी कोणाच्या तरी शेजारी नवखा म्हणून उभा होता. कोणीतरी त्याच्या हाती हत्यार दिले, कोणीतरी त्याच्या चुका सोसल्या. हे ऋण परत फेडण्याचा एकच मार्ग आहे. आपण शिकावे, निपुण व्हावे, आणि पुढे दारात नवा उमेदवार येऊन उभा राहिला, म्हणजे त्याचे कूळ, जात किंवा तो मुलगा की मुलगी हे न पाहता त्याला आपल्या शेजारी जागा द्यावी.