संचलनातली तलवार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लष्करी संचलनात दिसणारी तलवार आज मानाची वस्तू आहे, पण तिचा घाट शोभेसाठी ठरलेला नाही. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये नवे जवान शपथ घेतात, तेव्हा त्यांच्या हाती रायफली असतात आणि संचलनातल्या अधिकाऱ्याच्या हाती तलवार. रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ची, केंद्र बेळगावात आले १९२२ साली, आणि युद्धघोष छत्रपती शिवाजी महाराजांच्या जयजयकाराचा. त्यामुळे ही तलवार शिवकाळापासून चालत आली असावी, असे सीमाभागात अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिचा नमुना ब्रिटिश पायदळाने १८९७ साली ठरवलेला आहे. स्वातंत्र्यानंतर परजेवरच्या, म्हणजे मुठीभोवतीच्या हातरक्षकावरच्या, ब्रिटिश राजचिन्हाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. घडण तीच राहिली.

तो नमुना एका दिवसात ठरला नाही. त्याआधीची ब्रिटिश पायदळाची तलवार किंचित वाकडी होती. तिने वारही करायचा आणि भोसकायचेही, त्यामुळे दोन्ही कामे अर्धवटच होत. १८९२ साली पाते सरळ केले गेले: सुमारे साडेब्याऐंशी सेंटिमीटर लांब, मुठीकडे जाड, टोकाकडे निमुळते, केवळ भोसकण्यासाठी. १८९५ साली मुठीला पोलादी पत्र्याची, जाळीदार नक्षीची परज आली. तिच्या आतल्या कडेने गणवेश घासून विरू लागला, म्हणून १८९७ साली ती कड दुमडण्यात आली. आजच्या तलवारीच्या परजेची दुमडलेली कड कोटाचे कापड वाचवण्यासाठी आहे, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. १९१४ साली पहिल्या महायुद्धात तलवार घेऊन पुढे धावणारा अधिकारी दुरूनही ओळखू येऊ लागला आणि शत्रूच्या नेमबाजांचा पहिला बळी ठरू लागला. काही महिन्यांतच पायदळाच्या अधिकाऱ्यांनी आघाडीवर तलवार बाळगणे सोडले आणि ती संचलनापुरती उरली.

‘वाकडी ती मराठी, सरळ ती विलायती’ हा समज याहून खोल रुजलेला आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. मराठ्यांची धोप लांब आणि बहुधा सरळ पात्याची. युरोपातून आलेल्या पात्यांना इथल्या मुठी बसवून केलेल्या तलवारींना फिरंग म्हणत आणि त्यांना दख्खनमध्ये मोठी मागणी होती. १८७५-७६च्या दौऱ्यात कोल्हापूर दरबाराने इंग्लंडच्या युवराजाला दिलेली तलवार याच जातीची: सरळ युरोपीय पाते आणि त्यावर ‘आयएचएस’ ही ख्रिस्ती अक्षरे. ‘लंडनमधली भवानी’ म्हणून जिची चर्चा होते ती हीच. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांच्या मते मात्र ती ‘जगदंबा’ आहे. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावात घेतलेली तलवारही तशीच. पाते सरळ, युरोपीय. मुठीवर सोन्याची कलाकुसर. उलट, ब्रिटिश सेनापतींसाठी १८३१ साली ठरलेली मानाची तलवार वाकडी आहे आणि तिचा घाट इजिप्तच्या मामलुक स्वारांकडून घेतलेला आहे.

देवाणघेवाण म्यानापर्यंत पोहोचली होती. ब्रिटिश घोडदळातला कॅप्टन नोलन याने १८५३च्या आपल्या ग्रंथात निजामाच्या स्वारांच्या तलवारींची कथा लिहिली आहे. त्यांच्या तलवारींचे घाव भयानक होते. चौकशी केली तेव्हा कळले, की पाती ब्रिटिश घोडदळाने टाकून दिलेली जुनीच. फक्त मुठी देशी बसवलेल्या, धार वस्तऱ्यासारखी आणि म्यान लाकडी. ब्रिटिश स्वाराचे पोलादी म्यान झळकत असे, पण प्रत्येक वेळी उपसताना ते पात्याची धार खाई. चकाकणारे म्यान अधिक चांगले, हा समज इथेच संपायला हवा. संचलनाच्या तलवारीला ते चालते, कारण तिला धार ठेवलेलीच नसते.

खंडेनवमीला निपाणी, खानापूर भागात घरोघरच्या जुन्या तलवारी पूजेत मांडल्या जातात, तेव्हा दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे पूर्वीच्या तलवारी मणभर वजनाच्या असत. प्रत्यक्षात लढाईत हाताळायच्या तलवारीचे वजन साधारण एक ते दीड किलो. त्याहून फार जड तलवार लढाईत फिरवताच येत नाही. दुसरी म्हणजे हात मुठीत मावत नाही, म्हणून पूर्वजांचे हात लहान असावेत. प्रत्यक्षात आखूड मुठीच्या टोकाची चकती मनगटाला अडते, पकड घट्ट बसते आणि वार ओढून घ्यावा लागतो. वाकडे पाते कापते ते या ओढण्यामुळे. मूठ आखूड आहे ती मुद्दाम.

पात्यावरची पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी नसते. तिच्यामुळे पाते हलके होते, तरी ताठपणा टिकतो. विलायती नमुन्याच्या पात्यावरची नक्षी छिन्नीने कोरलेली नसते. आम्लाने पोलाद खाऊन ती उठवलेली असते. मुठीला लोंबणारा गोंडा हा मूळचा चामड्याचा फास. तो मनगटात अडकवला, की झटापटीत तलवार हातून सुटली तरी खाली पडत नसे.

सलामीत अधिकारी आधी मूठ तोंडाजवळ आणतो आणि मग टोक उजवीकडे खाली झुकवतो. पाहणाऱ्याला ही शरणागती वाटते, पण शरण जाणारा तलवार झुकवत नाही, ती समोरच्याच्या हवाली करतो. सलामीत मूठ अधिकाऱ्याच्याच हातात राहते.

बेळगावच्या राष्ट्रीय मिलिटरी स्कूलसारख्या शाळांतून पुढे लष्करात जाणाऱ्या मुलांच्या घरी ‘स्वोर्ड ऑफ ऑनर’चे नाव आदराने घेतले जाते, पण ही मानाची तलवार गुणवत्ता यादीतल्या पहिल्या छात्राला मिळते असे धरून चालतात. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत यादीतल्या पहिल्याला सुवर्णपदक मिळते. तलवार मिळते ती सर्वांगीण कामगिरीत सर्वोत्तम ठरलेल्या छात्राला, आणि हे दोघे वेगवेगळे असू शकतात.