लंडनचा झाडूवाला, मुंबईचे मैदान

काही दिवसांपूर्वी माझ्या ऑफिसात एक माउली आपल्या मुलाला घेऊन आली. तिचे मालक जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत सफाई कामगार होते, ते निवृत्त झाले. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्यासाठी केलेला अर्ज दोन वर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे. फाईल चांगली जाडजूड झालेली. मी कागद चाळत होतो, पण नजर सारखी त्या पोराच्या टी-शर्टकडे जात होती. काळा टी-शर्ट, त्यावर डोळे बाहेर आलेला सांगाडा आणि वर टोकदार इंग्रजी अक्षरे: आयर्न मेडन.

आई म्हणाली, "साहेब, ह्याला जरा तुम्हीच सांगा की. आमचं ऐकंना झालाय. पर्मनंट नोकरी चालून आलीय आन् ह्यो म्हणतोय, गिटार वाजवतो."

पोरगा शिकलेला, विशीतला. उद्धट मुळीच नव्हता. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. लांब केसांचा एक गोरा म्हातारा, एक पाय स्पीकरवर ठेवून गिटार वाजवत होता. "साहेब, हा स्टीव्ह हॅरिस. ह्यानंच हा बँड काढला. हा पण आधी झाडूवालाच होता."

वकिलाला एक खोड असते. साक्षीदार काय म्हणतो ते कागदावर पडताळल्याशिवाय तो ऐकून घेत नाही. रात्री घरी जाऊन शोधले तर पोराचे म्हणणे खरे निघाले. पूर्व लंडनच्या कामगार वस्तीत वाढलेला हा स्टीव्ह हॅरिस नकाशे काढायचे काम शिकत होता. ते काम गेले तेव्हा त्याने रस्ते झाडायची नोकरी केली. 1975 च्या डिसेंबरात, नाताळच्या दिवशी, त्याने बँड काढला. त्या घटनेला 50 वर्षे झाली म्हणून 27 मे 2025 रोजी हंगेरीतल्या बुडापेस्टमधून या बँडने नवा जागतिक दौरा सुरू केला. सत्तरीला टेकलेली ही माणसे आजही मैदाने भरवतात. त्यांच्याबरोबर चार दशकांहून अधिक काळ ढोल बडवणारा निको मॅकब्रेन 2023 मध्ये पक्षाघाताच्या झटक्यातून उठून पुन्हा मंचावर आला आणि डिसेंबर 2024 मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत शेवटचा कार्यक्रम करून दौऱ्यांतून निवृत्त झाला.

खरे सांगायचे तर हे संगीत मी आजवर गोंगाटातच जमा केले होते. आपल्यातल्या बहुतेकांची समजूत तीच असणार: श्रीमंतांच्या पोरांचे इंग्रजी थेर. पण याचा जन्म पाहिला तर तो बंगल्यात झालेला नाही. इंग्लंडचे बर्मिंगहॅम म्हणजे लोखंडाच्या कारखान्यांचे शहर. तिथला टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. हा डावखुरा, म्हणजे गिटारीच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल केल्या. त्या सैल तारांतून जो जड, खर्जातला आवाज निघाला त्यावर ब्लॅक सॅबथ हा बँड उभा राहिला आणि 1970 च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डपासून हेवी मेटल सुरू झाले असे मानतात. त्यांचा गायक ऑझी ऑसबॉर्न कत्तलखान्यात कामाला होता, मोटारीचे हॉर्न तपासायच्या कामावरही होता. 5 जुलै 2025 रोजी आपल्याच गावात शेवटचा कार्यक्रम करून तो 22 जुलैला वारला.

सोलापूरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या शहराची झोप कित्येक वर्षे गिरणीच्या भोंग्याने उघडत होती. जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. यंत्राच्या खडखडाटात दिवस काढलेल्या माणसाला मोठा आवाज हा काही रोग वाटत नाही, तो त्याच्या घरातला आवाज असतो. प्रस्थापितांच्या दिवाणखान्यात मात्र तो कर्कश ठरतो. इंग्लंडमध्येही तसेच झाले. रेडिओवाल्यांनी या संगीताला फारसे दारात उभे केले नाही. मग या मंडळींनी काय केले? गावोगाव फिरायला लागले. 1984-85 च्या एका दौऱ्यात आयर्न मेडनने अकरा महिन्यांत 180 हून अधिक कार्यक्रम केले, आणि त्याची सुरुवात केली ती कम्युनिस्ट राजवटीतल्या पोलंडमधून, जिथे पाश्चात्त्य बँड सहसा जात नसत. माध्यमांनी दार लावले की पायाखालचा रस्ता उरतो हे भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि वामनदादा कर्डकांच्या गाण्याने वाढलेल्या समाजाला कुणी नव्याने सांगावे असे नाही.

आता मुंबईकडे वळतो. 1 फेब्रुवारी 2008, शुक्रवार. तेव्हा सोलापूरच्या वकिलाला हायकोर्ट म्हणजे मुंबई. कोल्हापूरचे सर्किट बेंच यायला ऑगस्ट 2025 उजाडला. मी सीनियरांच्या फायली घेऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेलो होतो आणि मुक्काम वांद्र्याच्या सरकारी वसाहतीत नातेवाइकांकडे होता. संध्याकाळी वांद्रे स्टेशनवर उतरलो तर काळ्या टी-शर्टांची रांगच रांग कुर्ला संकुलाकडे निघालेली. कुणी नागालँड-मेघालयाकडचा वाटत होता, कुणी चक्क मराठीत बोलत होता. मला वाटले मोर्चा आहे. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत, पण चेहऱ्यावर मोर्चाचाच उत्साह. त्या रात्री वसाहतीतल्या गॅलरीत उभे राहिलो की लांबून नुसता धडधडाट यायचा. मामा खिडकी लावत म्हणाले, "हे काय आपलं काम नव्हे."

आता कळते की त्या रात्री या बँडच्या 2008-09 च्या संपूर्ण जागतिक दौऱ्याची सुरुवात आपल्या मुंबईतून झाली होती. एरवी मोठे बँड अमेरिका, युरोप, जपान करून थकले की आपल्याकडे बघतात. भारतात ते आधी एकदा, मार्च 2007 मध्ये, बेंगळुरूला येऊन गेले होते. पण पहिलाच कार्यक्रम मुंबईला कसा? उत्तर विमानात आहे. पूर्वी वाद्ये, पडदे, मंचाची सजावट एका खंडातून दुसऱ्या खंडात न्यायची म्हणजे पैसाही जायचा आणि दिवसही. मधल्या वाटेवरच्या शहरांना त्यात जागाच नसे. यांनी एक बोइंग 757 घेतले, मागच्या भागातल्या खुर्च्या काढून तिथे सुमारे 12 टन सामान बसेल अशी व्यवस्था केली. विमानाचे नाव ठेवले एड फोर्स वन, त्यांच्या टी-शर्टावरच्या त्या एडी नावाच्या सांगाड्यावरून. लंडनजवळून निघून बाकूला थांबून ते मुंबईत उतरले. इथून ऑस्ट्रेलिया, मग जपान, मग अमेरिका. पहिल्या टप्प्यात 45 दिवसांत 23 कार्यक्रम झाले.

आणि विमान चालवत होता बँडचा गायक, ब्रूस डिकिन्सन! तो खराखुरा वैमानिक, एका विमान कंपनीत रीतसर कॅप्टन. (हा काही कामगार वस्तीतला म्हणता येणार नाही. खासगी बोर्डिंग शाळेत शिकलेला, इतिहासाचा पदवीधर. सगळ्यांना एका मापात बसवायचे कारण नाही.) मला विमानापेक्षाही त्यात कोण बसले होते हे महत्त्वाचे वाटते. मंच बांधणारे, तारा जोडणारे, दिवे लावणारे, कपडे सांभाळणारे कामगार आणि गाणारे-वाजवणारे सगळे त्याच एका विमानात. या दौऱ्यावर सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन यांनी 'फ्लाइट 666' नावाचा माहितीपट काढला, तो 2009 मध्ये आला. माझ्या पक्षकाराच्या मुलाने तो कितीतरी वेळा पाहिला आहे. मी एकदाच पाहिला. मुंबईच्या मैदानातली पोरे त्यात दिसतात.

पण भक्तिभावाने पाहण्यासारखे सगळेच नाही. कार्यक्रमाची सुरुवात कशाने होते? चर्चिलच्या 1940 च्या भाषणाच्या ध्वनिफितीने. लगेच पुढचे गाणे ब्रिटिश लढाऊ वैमानिकांचे, त्याची ती प्रस्तावना. हिटलरशी लढणाऱ्यांचे गाणे आहे, तेवढे ठीक. पण ज्या चर्चिलच्या कारकिर्दीत 1943 च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, त्याच्या आवाजावर मुंबईतली पोरे टाळ्या पिटतात? ज्या सोलापुरात 1930 ला इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि 12 जानेवारी 1931 ला चार जणांना फाशी दिले, त्या सोलापूरच्या माणसाच्या हे घशाखाली उतरत नाही. दुसरे असे की 1984-85 च्या त्या दौऱ्याचे नावच मुळी 'जागतिक गुलामगिरी दौरा' असे होते आणि 2008 ला मुंबईत उभा केलेला इजिप्तचा देखावा त्याच दौऱ्यावरून घेतलेला. फारोंचे मुखवटे, ममी, चित्रलिपी. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहून अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना ती अर्पण केली. आपल्याला हा शब्द ऐकला की पाठीवरचे वळ आठवतात. यांच्याकडे तो पडद्यावर रंगवता येतो, तिकीट लावून दाखवता येतो. मात्र याच बँडचे 1982 चे एक गाणे गोऱ्यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची केलेली कत्तल सांगते, आणि त्याची सुरुवात मारले जाणाऱ्यांच्या तोंडून होते. तेही मुंबईच्या मैदानात गाइले गेले. धर्मवाल्यांचा रोषही त्यांनी पुरेसा ओढवून घेतला आहे. 1992 मध्ये चर्चच्या विरोधामुळे चिलीतला त्यांचा कार्यक्रम होऊ शकला नाही. 2008 च्या दौऱ्यात ते चिलीत गाऊन आले.

मुंबईच्या त्या कार्यक्रमानंतर दोनच दिवसांनी, 3 फेब्रुवारीला, दादरमध्ये उत्तर भारतीयांच्या विरोधातले आंदोलन पेटले आणि पोटासाठी आलेल्या टॅक्सीवाल्यांना रस्त्यावर मार बसला. विलायतेच्या पाहुण्यांना मराठी येते का, हे मात्र कुणी विचारले नव्हते.

कायद्याचा माणूस म्हणून इथे एक फाईल आठवते. ती या बँडची नाही, पण परदेशी कलावंतांच्या दौऱ्याचीच. 1 नोव्हेंबर 1996 रोजी अंधेरीत मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. युती सरकारने त्याचा करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायत हायकोर्टात गेली. 2011 मध्ये हायकोर्टाने तो माफीचा आदेश रद्द करून सरकारला पुन्हा विचार करायला सांगितले. सरकारे बदलली, तरी विषय मेला नाही. जानेवारी 2021 मध्ये, कोरोनाने तिजोरी कोरडी पडलेली असताना, राज्याच्या मंत्रिमंडळाने बसून पुन्हा माफी दिली. रक्कम 3 कोटींच्या वर. चोवीस वर्षे ती फाईल कुणी हरवू दिली नाही! आणि माझ्या पक्षकाराच्या फाईलवर दोन वर्षांत तीन वेळा शेरा पडला: 'मूळ कागदपत्रे आढळून येत नाहीत.'

आता त्या पोराच्या मुद्द्याकडे येतो, कारण मी त्याला काही उत्तर देणे लागत होतो. स्टीव्ह हॅरिसने झाडू हातात घेतला तेव्हा त्याला त्याच्या बापाचे काम कुणी विचारले नाही. काम गेले म्हणून त्याने झाडू घेतला, गाणे जमले म्हणून ठेवला. नगरपालिकेने त्याच्या पोरासाठी तो झाडू राखून ठेवला नाही. आपल्याकडे झाडू राखून ठेवावा लागतो, आणि तो मिळावा म्हणून माझ्यासारख्याला कोर्टात भांडावे लागते. लाड-पागेच्या शिफारशी हा सफाई कामगारांनी मिळवलेला हक्क आहे, त्याला हात लावायला मी कुणाला देणार नाही. ज्या समाजावर हे काम लादले त्याला निदान त्याची पगारी खात्री तरी हवी. कंत्राटी पद्धत येऊन उभी असताना तर हवीच हवी. पण वारसा हक्काचा अर्ज लिहिताना दर वेळी पेन अडखळते हेही खरे. बापाची जमीन वारशात येते, घर येते. झाडू का यावा?

मुलाला मी इतकेच म्हणालो की नोकरीचा हक्क सोडू नकोस, कायम झालास की संध्याकाळ तुझी. तो हसला. म्हणाला, "साहेब, सकाळी पाचला हजेरी असते. आमचे कार्यक्रम रात्री संपतात बाराला." पुण्यातल्या एका कॉलेजात त्याच्या बँडचा कार्यक्रम आहे. चौघे जण, त्यात एक पद्मशाली विणकराचा, एक मुसलमान रिक्षावाल्याचा. तिघांची वाद्ये उसनी आहेत, याची गिटार तेवढी स्वतःची, हप्त्यावर घेतलेली. कोर्टाची तारीख त्या आठवड्यात नको, एवढी त्याची विनंती.

प्रतिज्ञापत्रावर सही घेताना त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना पडलेले घट्टे दिसले. आईने ते आधी कधी पाहिले नसावेत, तिने हात ओढून जवळ घेऊन बघितला. मग उठता उठता मला विचारले, "साहेब, त्या गोऱ्या झाडूवाल्यानं काम सोडल्यावर त्याच्या जागी मग कुणाला लावलं?"

पोरगा दारात थांबला होता. मी डायरीत पुढची तारीख लिहून घेतली.