हार्डवेअर ड्रायव्हरचे संदेश : अर्थबोधाची एक दिशा

महाविद्यालयाच्या कार्यालयात यूएसबी प्रिंटर जोडला असता लिनक्स प्रणालीच्या नोंदींत कधी कधी 'यूएसबी १-२ : डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -११०' अशी ओळ उमटते. अशा वेळी बहुधा प्रिंटरचा ड्रायव्हर काढून पुन्हा बसविला जातो व त्यात अर्धा दिवस खर्ची पडतो. वस्तुतः तो उपाय निरुपयोगी आहे, हेच सदर ओळ सांगत असते.

ड्रायव्हर हा ऑपरेटिंग सिस्टिम आणि उपकरण यांच्यामधील दुभाषा होय. त्याचे संदेश म्हणजे एका प्रोग्रामरने दुसऱ्या तंत्रज्ञासाठी ठेवलेली टिपणे असतात. सामान्य वापरकर्ता त्यांत अभिप्रेतच नसतो. त्यांतील दुर्बोधता येथूनच उद्भवते. तथापि पत्ता, कृती आणि फलित असे भाग वेगळे केल्यास अर्थ उलगडू लागतो.

वरील ओळीतील '१-२' हा पत्ता आहे : पहिली बस, तिचे दुसरे पोर्ट. '१-२.३' असे असते, तर त्या पोर्टला जोडलेल्या हबचे तिसरे पोर्ट, असा अर्थ झाला असता. डिव्हाइस डिस्क्रिप्टर हे उपकरणाचे ओळखपत्र असून त्यात उत्पादकाचा व उत्पादनाचा क्रमांक असतो. ते वाचण्यासाठी प्रणालीने ६४ बाइट मागितले. -११० म्हणजे ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही. (याच जागी -७१ असल्यास संवादाचे नियम मोडले गेले, असे समजावे.) आता, कोणत्या ड्रायव्हरकडे उपकरण सोपवावयाचे हे ओळखपत्र वाचल्यानंतरच ठरते. अर्थात प्रिंटरच्या ड्रायव्हरची पाळी अद्याप आलेलीच नाही. दोषाचा शोध केबल, पोर्ट, वीजपुरवठा किंवा खुद्द उपकरण येथेच घ्यावयास हवा.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हीच घटना 'अननोन यूएसबी डिव्हाइस' या नावाने व कोड ४३ सह दिसते. कोड २८ मात्र ड्रायव्हर बसविलेला नसल्याचे सांगतो. तेथे ड्रायव्हर बसविणे हाच योग्य उपाय. दोन्ही ठिकाणी पिवळे चिन्ह तेच असल्याने ही गल्लत होते. म्हणून तंत्रज्ञास 'प्रिंटर चालत नाही' एवढेच न कळविता संपूर्ण ओळ आणि तिच्या आधीच्या काही ओळीही उतरवून द्याव्यात. मूळ दोष पुष्कळदा वरच्या ओळीत असतो, खालच्या ओळी त्याचे परिणाम असतात.

शब्दशः अर्थ घेणेही दिशाभूल करणारे ठरते. लिनक्सच्या पॅरलल पोर्टच्या ड्रायव्हरमध्ये 'एलपी० ऑन फायर', म्हणजे प्रिंटरला आग लागली आहे, असा एक प्रसिद्ध संदेश आहे. कागद संपणे, प्रिंटर ऑफलाइन असणे व दोष उद्भवणे यांसाठी या पोर्टवर स्वतंत्र संकेत असतात. ड्रायव्हर ते क्रमाने तपासतो. कागद आहे, प्रिंटर ऑनलाइनही आहे, तरीही दोषाचा संकेत येतो, अशा अवस्थेत त्याच्याजवळ कारण उरत नाही, आणि तेव्हा हे वाक्य उमटते. त्यात प्रोग्रामरचा विनोद आहे हे खरे. पण त्याचा तांत्रिक आशय 'दोष आहे, कारण अज्ञात' इतकाच असतो.