दमलेल्या हृदयाला पंपाचा आधार

हात मोडला की आपण प्लास्टर घालून तो महिना-दीड महिना स्वस्थ ठेवतो, आणि तेवढ्या अवधीत हाड जुळून येते. हृदयाला मात्र ही सवलत नाही. झटक्याने त्याचा काही भाग निकामी झाला तरी उरलेल्या स्नायूला त्याच क्षणी सारा भार उचलावा लागतो. अशा हृदयाला चार-दोन दिवस तरी विसावा देता येईल काय?

प्रथम हे काम किती असते ते पाहू. विश्रांत अवस्थेत हृदयाचे मिनिटाला सुमारे ७० ठोके पडतात. दर ठोक्याला डावे निलय सुमारे ७० मिलिलिटर रक्त महारोहिणीत ढकलते. तेथील सरासरी दाब १०० मिलिमीटर पारा, म्हणजे सुमारे १३,३०० पास्कल धरू. दाबाला आकारमानाने गुणले की कार्य मिळते. १३,३०० × ०.००००७ म्हणजे सुमारे ०.९३ ज्यूल. ७० ठोक्यांचे ६५ ज्यूल झाले, म्हणजे शक्ती जेमतेम १ वॅट! हे गणित वर्गात फळ्यावर जरूर करून घ्यावे. शक्ती अल्प आहे, पण तिच्यात खंड पडून चालत नाही.

हृदयाच्या स्नायूलाही रक्त लागते, आणि ते कॉरोनरी रोहिणींतून येते. आकुंचनाच्या वेळी स्नायू स्वतःतील वाहिन्या दाबून धरतो. त्यामुळे डाव्या निलयाला रक्त मिळते ते मुख्यतः प्रसरणकाळात. महारोहिणीतील दाब जितका जास्त आणि निलयातील दाब जितका कमी, तितका हा पुरवठा चांगला. हृदय दुबळे झाले की नेमके उलट घडते. महारोहिणीतील दाब उतरतो, तर निलयात रक्त तुंबून तेथील दाब चढतो. पुरवठा घटतो, स्नायू आणखी दुबळा होतो, आणि दाब आणखी उतरतो. हे दुष्टचक्र म्हणजेच कार्डिओजेनिक शॉक. ते तोडणे हे पंपाचे काम.

१९६७ साली अमेरिकेत एड्रियन कँट्रोविट्झ यांनी महारोहिणीत एक लांबट फुगा बसवला. तो प्रसरणकाळात फुगतो आणि कॉरोनरी रोहिणींतील दाब वाढवतो. आकुंचनाच्या तोंडावर तो मिटतो आणि हृदयाचा भार किंचित हलका करतो. त्यात हेलियम भरतात, कारण हा हलका वायू अरुंद नळीतून चटकन ये-जा करतो. पण फुगा स्वतः रक्त वाहून नेत नाही. हृदयच फार थकले असेल तर त्याची मदत तोकडी पडते.

पुढची कल्पना सुचली ती नाईल नदीच्या काठी. रिचर्ड वँप्लर या अमेरिकी डॉक्टरांनी १९७० च्या दशकात इजिप्तमध्ये शेतकऱ्यांना आर्किमिडीजच्या स्क्रूने पाणी वर चढवताना पाहिले. तसाच फिरता स्क्रू रक्तवाहिनीत बसवला तर? त्यातून हेमोपंप तयार झाला आणि १९८८ साली तो प्रथम रुग्णासाठी वापरला गेला. त्याची मोटर शरीराबाहेर होती आणि लवचीक तारेने स्क्रू फिरे. नंतर जर्मनीत विकसित झालेल्या इंपेला पंपात इवलीशी मोटरच आत गेली. मांडीतील रोहिणीतून सरकवलेली नळी महारोहिणीच्या झडपेतून निलयात पोचते. पंप निलयातील रक्त खेचून महारोहिणीत सोडतो. त्याच्या एका प्रचलित नमुन्याची जाडी सुमारे ४.७ मिलिमीटर आहे. तो मिनिटाला ४६,००० फेऱ्यांपर्यंत फिरतो आणि साडेतीन लिटरांहून अधिक रक्त पुढे नेऊ शकतो. निलयातील दाब उतरतो, महारोहिणीतील चढतो, आणि दुष्टचक्राच्या दोन्ही कड्या एकदम सैल होतात.

मग प्रत्येक अत्यवस्थ रुग्णाला हा पंप का बसवू नये? येथे तर्क पुरेसा नाही, मोजदाद हवी. अवघड अँजिओप्लास्टीच्या वेळी फुगा आणि पंप यांची तुलना करणाऱ्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३० दिवसांतील गंभीर घटनांमध्ये निर्णायक फरक दिसला नाही. त्याच वर्षी ६०० रुग्णांवरील दुसऱ्या चाचणीत शॉकच्या रुग्णांना फुग्यामुळे मृत्यू टळल्याचे आढळले नाही. २०२४ मध्ये मात्र डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधील ३५५ रुग्णांचे निष्कर्ष आले. हे सारे मोठ्या झटक्यानंतर शॉकमध्ये गेलेले, पण बेशुद्ध नसलेले रुग्ण होते. १८० दिवसांत नेहमीच्या उपचारांच्या गटात ५८.५ टक्के, तर पंपाच्या गटात ४५.८ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे साधारण आठ जणांना पंप बसवला तर एक जीव अधिक वाचला.

याची किंमतही मोजावी लागली. मध्यम वा तीव्र रक्तस्राव ११.९ वरून २१.८ टक्क्यांवर गेला. पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रमाण १.१ वरून ५.६ टक्के झाले. डायलिसिससारख्या उपचारांची गरज २६.७ वरून ४१.९ टक्क्यांवर गेली. यातील काही कारणे उघड आहेत. जाड नळी पायाची रोहिणी अडवते, गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवावे लागते, आणि वेगाने फिरणाऱ्या पात्यांजवळ तांबड्या पेशी फुटतात.

पंप रोग बरा करत नाही. तो वेळ मिळवून देतो. त्या वेळात बंद रोहिणी उघडता आली आणि उरलेला स्नायू सावरण्याजोगा असला, तरच त्या वेळेचे सोने होते. म्हणून पंप कसा बसवावा याइतकेच तो कोणाला बसवावा हे ठरवणेही महत्त्वाचे आहे, आणि हा निर्णय बहुधा काही मिनिटांतच घ्यावा लागतो.